अर्धं सूत

पाट्याच्या डोळ्यापेक्षा बुश
अर्ध्या सुतानं मोठा.
दोनदा मोजला. माझ्या टेपनं, मग इनासच्या कॅलिपरनं.
मी शिंपी माणूस, एकतीस वर्षं
वेंगुर्ल्याच्या बाजारात
लोकांच्या पोटांना पुढच्या वर्षीची जागा
शिलाईत अर्धा इंच दाबून ठेवत आलो.
कमी पडलं तर उसवून देता येतं.
हे कसलं माप,
मुद्दामच घट्ट कापलेलं?

गाडी अंगणात, चार चिऱ्यांवर.
विहिरीच्या कठड्यातून उरलेला जांभा.
चाकं माडाला टेकून बसलेली,
जेवायला उशीर झालेल्या पाहुण्यांसारखी.
एकोणसत्तरची फियाट. रंग मुळात आकाशी,
आता कुठला, ते खाऱ्या वाऱ्याला विचारा.

जुने बुश काढण्यातच दोन रविवार गेले.
हॅक्सॉचं पातं सोडवून
डोळ्यातून पलीकडे ओवलं, नेढ्यातून दोरा ओवावा तसं,
पुन्हा अडकवलं, आणि आतून बाहेर कापत आलो.
रबर निघालं काकवीसारखं,
काळं, चिकट, बोटांना न सोडणारं.
इनास रॉड्रिग्ज ट्रॉलरची इंजिनं उघडतो.
त्याचं माझं सूत जुळलं ते असं,
गोणपाटावर, एका गाडीच्या पोटाखाली,
एकमेकांचं तोंड न बघता.

नवे आठ बुश कोल्हापूरहून आले, एसटीच्या पार्सलनं.
पहिल्यावर मी हातोडी चालवली.
तो उसळला, माझ्या कानावरून गेला
आणि थेट विहिरीत.
कळशी काढायच्या गळानं तासाभरानं वर आला.

बर्फाच्या कारखान्यातला मोतीराम म्हणाला,
"रातभर बर्फात ठेव, आकसतलो."
ठेवला.
सकाळी दगड. तसाच मोठा, वर थंड.

मी खोबरेलाची बाटली उघडली
तर इनास गाडीखालूनच ओरडला,
"त्याल नको हां! रबर फुगान कुजतला!"
चुलीवर शालनचे रिठे उकळत होते,
कुणाच्यातरी पैठणीसाठी.
तिनं काही विचारलं नाही.
अर्धं पातेलं फेसासकट आणून
माझ्या गुडघ्यापाशी ठेवलं.

बुश त्या गरम फेसात बुडवला.
मग आट्यांची सळई, दोन्हीकडे जाड वायसर,
पाइपचा एक तुकडा, नट.
एक आटा. थांब.
एक आटा. थांब.
रबराचा काठ दुमडला, रुसला,
मग ओठ आत घेतल्यासारखा
हळूच डोळ्यात शिरला.
आवाज झाला तो अगदी लहान,
बांगडी हातात चढल्याचा.

संध्याकाळपर्यंत आठही बसले.
आता बोल्ट. मी पान्यावर सगळा जोर दिला
आणि इनासनं माझं मनगट धरलं.
"आताच नको. गाडी खाली सोड आदी.
तिचा वजन तिच्या पायांर येवंदे, मगे आवळ.
हवेत आवळलंस तर रबर पिळान रवतला,
म्हयन्याभरात फाटतला."

मी हसलो. हे मला कुणी शिकवायला हवं?
टेप कमरेला लावला की जो तो पोट आत ओढतो,
वकील, भटजी, नवरामुलगा,
आणि रोज मी तेच म्हणतो:
श्वास सोडा. नेहमीसारखे उभे राहा.

चाकं चढवली, चिरे एकेक काढले.
जॅक उतरताना गाडी कुरकुरली,
इंचभर खाली बसली, अजून थोडी,
आणि गप्प झाली.
मग आवळले. सगळीकडे रिठ्याचा वास.

दुसऱ्या दिवशी शालनला घेऊन बंदरापर्यंत.
मच्छीबाजाराआधीचा तो गतिरोधक
मला झोपेतही ठाऊक.
सवयीनं मी सीटवरून अर्धा उठलो, दात दाबले.

धक्का आलाच नाही.
गतिरोधक मागे गेला, सुकत घातलेली जाळी मागे गेली,
मी तसाच अधांतरी, स्टिअरिंगला लटकलेला.

"टेका आता," शालन म्हणाली.